हलक्या पाण्याचा हंगाम

दिवाळी सरली, की भूम-वाशीच्या रस्त्याला एखाददुसरा कापसाचा ट्रॅक्टर अजून दिसतो. आमच्याकडं आता सोयाबीनचं राज्य आहे; कापूस पाहुण्यासारखा येतो आणि चहा पिऊन जातो. पण त्या ट्रॅक्टरमागं उडालेलं एखादं पांढरं पुंजकं बाभळीच्या काट्याला अडकलेलं दिसलं, की मी जागच्या जागी उभा राहतो. बघणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याला धाप लागली. धाप कसली लागते. माझ्या कानात टर्बाइन सुरू झालेलं असतं.

आधी आवाज येतो. एक लाख मधमाश्या एका रांजणात कोंडून वर झाकण ठेवावं तसा. मग वास येतो, तापलेल्या तेलाचा, दमट कापसाचा, भट्टीत जळणाऱ्या पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा. आणि शेवटी बोटांना ते पाणी आठवतं. बुळबुळीत, गुळगुळीत, हाताला लागलं की सुटू नये असं हलकं पाणी. सगळा हंगाम मला असा कानातून नाकात आणि नाकातून बोटांत उतरत आठवतो. कोणत्या दिवशी काय झालं ते विचाराल तर सांगता यायचं नाही. बोटांना तारखा कळत नाहीत.

निजामाचं राज्य होतं. तिकडं जगाची लढाई पेटलेली, आणि इकडं भूम आणि वाशीच्या मधल्या माळावर वीरभद्रअप्पांची जिनिंग मिल. अप्पा म्हणजे आमचे मालक. कपाळाला भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, आवाज असा की माळावर बोलले तर बालाघाटाच्या डोंगरातली घोरपड बिळात शिरावी. व्यापाराला मराठी, कचेरीला उर्दू आणि रागाला कानडी, अशा तीन जिभा त्यांना होत्या. कानडी सुरू झाली की आम्ही हात जोडून उभं राहायचो. कळायचं काहीच नाही, पण पोटात सगळं समजायचं.

साऱ्या मुलखातल्या जिनात धकाधका करणारी इंजिनं होती. अप्पांना ते कमीपणाचं वाटलं. कुठल्याशा बंद पडलेल्या गिरणीतून त्यांनी चक्क वाफेचं टर्बाइन उचलून आणलं. ते आणायला चाळीस बैलजोड्या लागल्या. त्यातल्या चार बैलांनी वाटेत देह ठेवला, आणि उरलेल्यांनी पुढं जन्मात मान वर केली नाही. आमच्या माळावर ते बसलं तेव्हा पंचक्रोशीतले लोक नारळ घेऊन आले होते. पाहतात तर काय, रांजणाएवढा लोखंडी डबा. आत पोलादाचं एक चाक, चाकाच्या काठाला खाचा, आणि प्रत्येक खाचेत घट्ट ठोकून बसवलेलं एकेक पातं. बॉयलरची वाफ त्या पात्यांवर आदळली की चाक फिरायचं, चाकानं दांडा, दांड्यानं पट्टे, आणि पट्ट्यांनी जिनाची सगळी यंत्रं. पण फिरायचं असं की डोळ्याला उभं असल्यासारखंच दिसावं. एक म्हातारी तर म्हणाली, हे बंदच हाय की. आणि मागं कापसाचा डोंगर रुई होऊन बाहेर पडत होता.

टर्बाइनबरोबर हुसेन मिस्त्री आले. त्यांनी आयुष्यभर तेच एक यंत्र सांभाळलं होतं. यंत्र विकलं गेलं तेव्हा तेही त्याच्या मागून गाडीत बसले. साठीचं वय, दाढी मेंदीनं तांबडी, नजर अधू, पण कान असा की टर्बाइनमध्ये डास शिरला तर नर का मादी ते सांगावं. रोज सकाळी ते निजामाचा एक ढब्बू पैसा टर्बाइनच्या झाकणावर उभा करायचे, कडेवर. यंत्र पुऱ्या वेगात, आणि पैसा तसाच उभा. तो तिथं दिवसभर उभा राहायचा, आणि मिस्त्री शेजारी बसून बिडी ओढायचे. त्या मुलखात असलं दुसरं यंत्र नव्हतं, म्हणून त्यांना दुसरी नोकरीही नव्हती. हे त्यांना ठाऊक होतं, अप्पांना ठाऊक होतं.

आणि मी, माणिक, पंचविशीतला गडी, नवं लग्न झालेला, बॉयलरच्या पाण्याचा कारभारी. विहिरीतून पाणी ओढायचं, हौदात भरायचं, बॉयलरला पाजायचं.

पहिले दोन हंगाम आम्ही ओढ्याकाठच्या जुन्या विहिरीचं पाणी वापरलं. ते पाणी इतकं जड होतं की घागर उचलताना आत कुणी धोंडे तर घातले नाहीत ना, म्हणून लोक वाकून बघायचे. त्यात सकाळी टाकलेली डाळ संध्याकाळी पातेल्यात खडखडायची. बॉयलरच्या पोटात त्या पाण्याची पांढरी खपली धरायची, विटेएवढी जाड. पंधरा दिवसांनी बॉयलर थंड करून मी आत शिरायचो आणि छिन्नीनं ती खपली फोडायचो. निघालेल्या खपलीवर अप्पांनी गोठ्याची एक भिंत बांधून घेतली, ती भिंत अजून उभी आहे म्हणतात. खपली कमी धरावी म्हणून मिस्त्रींनी मला एक नेम घालून दिला होता: हौदात रोज एक मापटं धुण्याचा सोडा. सोड्यानं चुना गाळ होऊन खाली बसतो, चिकटत नाही.

तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर अप्पांनी माळाच्या वरच्या अंगाला नवी विहीर पाडली. काळा पाषाण फोडत फोडत खाली गेले आणि पाणी लागलं. आता ते जड का हलकं हे ठरवायचं होतं. आमच्या मुलखात पाण्याची परीक्षा डाळीनं होते. पोरगी द्यायच्या आधीसुद्धा माणसं त्या गावची डाळ खाऊन येतात. तेव्हा मीच पुढं झालो आणि म्हणालो, बॉयलरच्या पाण्याची परीक्षाही तशीच घेऊ.

विहिरीच्या काठाला तीन धोंडे मांडून माझ्या बायकोनं, गंगूनं, चूल पेटवली. मिलमधले सगळे गडी भोवती. पातेल्यात नवं पाणी आणि पसाभर तुरीची डाळ. गंगू झाकण घ्यायला मागं वळली, झाकण घेऊन पुढं वळली, तर डाळीचं वरण झालेलं. काही जण म्हणतात, थोडा वेळ लागला होता. ते लोक मागं उभे होते, त्यांना दिसलं नाही. अप्पांनी बोट घालून चाखलं, स्वतःच्या डोक्याचा फेटा काढला आणि माझ्या डोक्याला बांधला. म्हणाले, आजपासून पाण्याचं तूच बघायचं. सगळ्या मिलमध्ये दोनच माणसं खुश नव्हती. मिस्त्री लांब उभे राहून ओल्या बोटांवर बोट घासून बघत होते. आणि गंगू जाळ विझवता विझवता हळूच म्हणाली, "डाळ म्या मान्सासाठी शिजवली. त्या लोखंडाला इचारलं का कुनी?"

बायकोचं कोण ऐकतो. आणि फेटा बांधलेला असेल तर कान झाकलेलेच असतात.

काय पाणी होतं ते. अंगाला एकदा साबण लावला की दिवसभर निघायचा नाही. आमचे गडी पोळ्याच्या दिवशी धुतलेल्या बैलासारखे चमकायला लागले. आता कळतं, तो साबण नव्हताच. ते पाणीच तसं होतं, पोटात मुळातला सोडा घेऊन जमिनीतून वर आलेलं. डाळीला तो मानवतो. डाळ शिजते म्हणजे पाणी चांगलं, हा आमचा हिशेब चुलीपुरता खरा होता.

मिस्त्रींनी त्याच आठवड्यात मला बाजूला घेऊन सांगितलं, की या पाण्यात चुना नाही, तेव्हा आता सोडा बंद कर. मी मान हलवली. खरं सांगायचं तर फेटाच हलवला. मी विचार केला, एका मापट्यानं एवढं वाईट पाणी सुधारत होतं, तर दोन मापट्यांनी हे चांगलं पाणी गंगाजळ होईल. आणि झालंच तसं. महिन्यानं बॉयलर उघडला, तर आत खपलीचा कण नाही. लोखंड असं स्वच्छ की फेटा नीट बसलाय का ते मी त्यात बघून घेतलं. अप्पांना आत वाकायला लावलं. तेही आपले भस्माचे पट्टे बघून बाहेर आले.

त्या हंगामाच्या आठवणीनं अजून अंगावर शहारा येतो, आणि तो भीतीचा नसतो. काय दिवस होते. गाड्यांची रांग मिलच्या फाटकापासून जी सुरू व्हायची ती क्षितिजाखाली जायची. बैलांच्या घंटा, गाडीवानांच्या शिव्या, हवेत उडणारी रुई. माणसं बोलायला तोंड उघडायची आणि कापूस थुंकायची. दुपारी ऊन तिरकं आलं की जिनाच्या शेडमध्ये सोन्याचा पाऊस पडतोय असं वाटायचं. बॉयलर थांबत नव्हता, खपली फोडायची नव्हती, आणि या सगळ्याचं पाणी माझ्या हातातून जात होतं.

गंज मला कळतो. गंज बिचारा उघड्यावर बसतो, तांबडा होऊन ओरडतो, माणसाला वेळ देतो. जड पाण्याची खपलीही तशीच, वाईट दिसते, पण लोखंडावर पांघरूण घालून बसते. सोड्याचं तसं नाही. तो लोखंड धुऊनपुसून लख्ख करतो आणि मग जिथं फट असेल तिथं शिरून बसतो. वाफेबरोबर थेंब जातात, फटीत पाणी उडून जातं, सोडा मागं राहतो. आज थोडा, उद्या थोडा, दिवसेंदिवस दाट. तिथलं पोलाद जर ताणलेलं असेल तर त्याला गंज चढत नाही. ते आतल्या आत, कणाकणाच्या मधून, उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारखं उलत, भेगाळत जातं. हे मला पुढं कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की मी मोठा माणूस झालोय.

संक्रांत झाली आणि बॉयलरच्या पाण्याची उंची दाखवणारी काच वेड्यासारखी नाचायला लागली. नुसता फेस. दूध उतू जावं तसं पाणी फसफसत वाफेबरोबर टर्बाइनकडं निघालं. वाफेच्या कॉकांना, म्हणजे तोट्यांना, पांढऱ्या दाढ्या फुटल्या. आणि एका सकाळी मिस्त्रींनी पैसा उभा केला तर तो पडला. त्यांनी पुन्हा उभा केला. तो पुन्हा पडला. तिसऱ्यांदा त्यांनी केलाच नाही. झाकणाला कान लावून उभे राहिले, कान पोळेपर्यंत, आणि मग तसेच अप्पांकडं गेले.

अप्पांच्या बैठकीत काय झालं ते साऱ्या मिलनं ऐकलं. मिस्त्री म्हणत होते, यंत्र थांबवा, चाक उघडू द्या. अप्पा म्हणत होते, दाराशी एवढ्या गाड्या उभ्या असताना? यंत्र निवायला एक दिवस, उघडायला एक, बसवायला एक, तोवर सगळा कापूस बार्शीच्या जिनात. मिस्त्रींनी विचारलं, आणि चाक फुटलं तर? लढाईच्या दिवसांत दुसरं येणार कुठून? आणि फुटलेलं चाक शेडमधल्या चाळीस माणसांना विचारून उडत नाही. अप्पांनी कारण मागितलं. मिस्त्रींकडं कारण नव्हतं, नुसता आवाज होता. अप्पा मराठीतच म्हणाले, कानडीत नाही, म्हणून आम्ही जास्त घाबरलो.

"उघडा मिस्त्री. पन आत काय निघालं न्हाय, तर ज्या गाडीवाटेनं आलात त्याच वाटेनं तुमी जायचं. मग ह्या मिलची पायरी चढायची न्हाय."

"हौ अप्पा," मिस्त्री म्हणाले. "मंजूर."

यंत्र थांबलं. मला आयुष्यात एवढी मोठी शांतता पुन्हा भेटली नाही. चिमण्या ओरडतात हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी साखळीच्या कप्पीनं झाकण उचललं. आत चाक होतं, आणि पात्यांवर पांढरं पीठ भुरभुरलेलं, एका अंगाला जास्त. अप्पा म्हणाले, एवढंच? पुसा आणि चालू करा, पीठ बसलं म्हणून पैसा पडला. मिस्त्रींनी ते पीठ बोटावर घेतलं, थुंकीनं ओलं केलं, बोटावर बोट घासलं. मग माझ्याकडं बघितलं. नजर अधू होती, पण त्या दिवशी ती माझ्या फेट्यातून आरपार गेली.

"माणिक, सोडा बंद केलास ना रे?"

सगळे बघत होते. अप्पा बघत होते. मी म्हणालो, "बंद हाय की चाचा. कवाचाच."

माणसाला खोटं बोलायला किती वेळ लागतो? डाळ शिजायलाही त्याहून जास्त लागतो.

मिस्त्रींनी विश्वास ठेवला. म्हणजे मग हे साधं विहिरीचं मीठ, असं ते पुटपुटले, आणि मिठानं पोलादाला वरून खड्डे पडतात म्हणून चाकाचा दर्शनी भाग तपासायला लागले. त्यांची रीत मी डोळ्यांत साठवून ठेवली आहे. चाक घासून पुसून लखलखीत केलं. त्यावर रॉकेल आणि पातळ तेल चोळलं, मुरू दिलं, मग कोरड्या फडक्यानं पुसून काढलं. वर खडूची पांढरी भुकटी स्पिरिटात कालवून लावली. स्पिरिट उडालं, चाक पिठूर चांदण्यासारखं झालं. पोलादात कुठं केसाएवढीही भेग असेल तर तिच्यात मुरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. मिस्त्री लाकडी हातोडीनं हलकेच टिचक्या मारत होते आणि आम्ही चाळीस माणसं त्या पांढऱ्या चाकाकडं बघत होतो.

काहीच उमटलं नाही.

एक बिडी ओढून व्हावी एवढा वेळ गेला. मग आणखी तेवढा. चाक विधवेच्या कपाळासारखं कोरं. बाहेर एक गाडीवान बैल जुंपून बार्शीच्या वाटेला लागला, त्याच्या चाकांचा करकराट आत ऐकू आला. अप्पांनी धोतराचा सोगा सावरला आणि उठले. मिस्त्रींनी हातोडी खाली ठेवली. मग त्यांनी आपली हत्यारं एकेक करून फडक्यानं पुसायला घेतली. पाना पुसला, छिन्नी पुसली, आणि त्या पिशवीत भरायला लागले. माझ्याकडं बघितलंही नाही, आणि तेच मला सहन झालं नाही.

मी फेटा काढला. म्हणालो, "चाचा, म्या खोटं बोललो. सोडा चालूच हाय. रोजचं दोन मापटं."

पहिल्यांदा चपराक आली. ती अशी होती की गालावरची पाच बोटं होळीपर्यंत मोजता येत होती, आणि आवाज ऐकून बाहेरचे बैल बसले. पण मिस्त्रींचा हात खाली यायच्या आत त्यांचा चेहरा बदलला होता. म्हाताऱ्याच्या अंगात वीज शिरली. पिशवी त्यांनी उपडीच केली.

"सोडा असेल तर तो तोंडावर न्हाई बसत रे, फटीत बसतो. म्या पयल्या गिरणीत बॉयलरचे रिबीट, पत्रे जोडायचे खिळे, त्यानं फुटलेले बगितलेत. खाचा धुवा. पात्याच्या बुडाला तेल सोडा, बुडाला."

मग काय गडबड उडाली म्हणून सांगू. जो तो काहीतरी घेऊन धावला. एकानं रॉकेलचा डबा आणला, दुसऱ्यानं घाईत सरकीच्या तेलाचा. मी गुडघ्यावर बसून पात्यांच्या बुडाशी, जिथं ती खाचेत ठोकलेली असतात, तिथं पिसानं एकेक थेंब सोडत होतो. गाल पेटलेला, आणि आयुष्यात कधी नव्हती एवढी मला एका भेगेची आस लागली होती. लोक देवाला काय काय मागतात. मी त्या दुपारी पोलाद फाटू दे म्हणून मागत होतो. पुसलं. खडू लावला. सगळं पुन्हा पांढरं झालं.

मिस्त्रींनी एका खाचेशी टिचकी मारली. दुसरीशी मारली. कितव्याशी ते आता आठवत नाही, पण त्या टिचकीबरोबर पांढऱ्यावर सरकीच्या कच्च्या तेलाचा एक तांबूस ठिपका आला. ठिपका लांबला. खाचेच्या कोपऱ्यातून निघून चाकाच्या पोटाकडं निघाला, कुणी अदृश्य टाकानं लिहीत असल्यासारखा. मग शेजारच्या खाचेशी तशीच एक रेघ. अप्पांनी चष्मा लावला, वाकले, त्यांच्या श्वासानं खडू उडेल म्हणून मिस्त्रींनी त्यांच्या तोंडापुढं हात धरला. अप्पा बराच वेळ तसेच वाकून होते. मग सरळ झाले आणि मिस्त्रींची उपडी पडलेली पिशवी स्वतः उचलून त्यांनी खुंटीला टांगली.

"ह्या पोराचं काय करायचं?" त्यांनी विचारलं.

मिस्त्री म्हणाले, "राहू द्या. चाक उडायच्या आदी खरं बोलला. नंतर बोलला असता तर ऐकायला आपन कुनी नव्हतो."

त्या वर्षी उरलेला कापूस बार्शीला गेला. चाक दुरुस्त होऊन परत यायला पुढचा हंगाम उजाडला, आणि मिस्त्रींनी ते स्वतःच्या हातानं बसवलं. पुढं निजामाचं राज्य गेलं, मिलही गेली. अलीकडं पारावर पोरं मला ही गोष्ट सांगायला लावतात. मग चाळीस बैलजोड्यांच्या साठ होतात, गोठ्याच्या भिंतीचा किल्ला होतो, चपराकीनं माणसं बहिरी होतात. शेवटी एखादं पोरगं विचारतंच, बाबा, एवढं सगळं झालं, तर ती भेग होती तरी केवढी? तेव्हा मी हात पुढं करतो आणि करंगळीचं नख दाखवतो. एवढी.